मी कोरलेला दस्ता

नॉटिंगहॅमच्या आमच्या शूटिंग क्लबात त्या शनिवारी मुलीने छर्रा भरून रायफलचा लिव्हर बंद केला आणि ट्रिगरला बोट न लावताच छर्रा सुटला. नशीब, नळी निशाण्याकडेच होती.

"बाबा, मी काहीच टच नाही केला," ती म्हणाली. सोळा वर्षांची, इथेच जन्मलेली. तिचं मराठी नेहमीच थोडं लंगडतं.

साधी एअर रायफल, पण मी घरी जुळवलेली. आतलं यंत्र विकतचं, लाकडी दस्ता माझा. अक्रोडाचा ठोकळा आणून तीन महिने शेडमध्ये बसून कोरला होता, तिच्या खांद्याच्या मापाने. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवून मी वीट आणला होता. आणि त्याच दस्त्याला गाल टेकवून माझी मुलगी उभी होती.

क्लबात सेफ्टी बघणारे एक इंग्रज आजोबा आहेत. त्यांनी रायफल रिकामी असल्याची खात्री करून माझ्या हातात दिली आणि नीट झाल्याशिवाय परत आणू नका, एवढंच सांगितलं.

घरी किचन टेबलावर दस्त्यातून यंत्र सोडवलं. सुटं असताना ट्रिगर ओढून सोडला की झकास पुढे येत होता. दस्त्यात बसवला की अर्ध्यावरच अडकायचा, बोट नसतानाही ओढल्यासारखा. म्हणजे खोट मी ट्रिगरसाठी कोरलेल्या खाचेत. पॉलिश पेपरने मी खाच मोठी केली. बसवलं, पुन्हा अडकला. आणखी घासलं.

"अरे, दे ना कुणा एक्सपर्टला," बायको म्हणाली. "कशाला सगळ्यांचा जीव टांगणीला लावतोस?"

मी तिच्यावर खेकसलो. मला माझ्याच हातांची भीती वाटत होती, हे तिला कसं सांगणार?

शेवटी मोबाईलचा टॉर्च खाचेत मारला. ट्रिगरच्या पुढच्या बाजूला, अगदी कोपऱ्यात काहीतरी लालसर चिकटलं होतं. टाचणीने उकरलं. तांदळाचा दाणा निघाला, कुंकू लागलेला.

त्याच आठवड्यात खंडेनवमी झाली होती. रायफल मीच पाटावर मांडली, तेलाचं बोटही मीच फिरवलं. मुलगी म्हणालीही होती, "बाबा, राइस आत जाईल ना." मी तिला झापलं, "आपली पद्धत आहे. टाक अक्षता." तिने घाबरत चार दाणे टाकले. मग मी मूठभर टाकल्या.

तिला बोलावून दाणा दाखवला. तिने तो बोटावर घेऊन पाहिला आणि टेबलावर ठेवला. 'सांगितलं होतं ना' म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या शनिवारी आजोबांनी रायफल उलटसुलट करून तपासली आणि ठीक आहे म्हणाले. तरी पहिले वीस छर्रे मीच मारले. एकदाही काही चुकलं नाही. मग रिकामी रायफल मुलीपुढे धरली. तिने दस्ता पकडला, हलकेच ओढला.

"बाबा, आता सोड ना."

हो म्हणालो. बोटं मात्र सुटेनात.