सरळ केलेली छाती

चाळिशी उलटल्यावर वहिनीने पुन्हा अभ्यासाला बसायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यात जास्त कुरकुर मी केली. खोटं कशाला बोलू? माझ्या दादाची ही बायको एका इस्पितळाच्या तळघरात एक्स-रे काढते. हाताखाली माणसं आहेत, बऱ्यापैकी मान आहे. वर आणखी क्ष-किरणांची पदव्युत्तर पदवी कशाला, तीही ऑनलाइन? पण तिने माझं कधी ऐकलंय! रविवारी सकाळी जेवणाचं टेबल म्हणजे तिचं विद्यापीठ. लॅपटॉपवर चौकोनाचौकोनांत देशोदेशीची डोकी, मध्ये सर, आणि मी म्हणे भांडी आपटायची नाहीत. माझ्याच घरात!

दादाला मात्र बायकोचं भारी कौतुक. तो कधी आजारी पडत नाही. आयुष्यात एकदाच काय तो इस्पितळाची पायरी चढला, नोकरीआधीच्या तपासणीला, आणि एक्स-रे काढणाऱ्या मुलीच्या प्रेमात पडून उतरला. "लग्नाआधी माझं काळीज तपासून घेतलंय तिने," हे त्याचं ठरलेलं वाक्य. पाहुण्यांनाही ते पाठ झालं होतं.

त्या रविवारी मात्र त्याचा चेहरा उतरलेला होता. आदल्या दिवसापासून पोट दुखत होतं, आधी बेंबीपाशी, मग खाली डावीकडे. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी घाईघाईत पोट दाबून सांगितलं होतं, "अपेंडिक्स असतं उजवीकडे. हे वाताचं आहे." त्यांनी गोळ्या दिल्या आणि मी कमी हादडायचा सल्ला दिला.

मी कपड्यांच्या घड्या घालत होते. लॅपटॉपमध्ये सरांनी छातीचे दोन एक्स-रे शेजारी शेजारी लावले. एकात हृदय उजवीकडे, एकात डावीकडे. बरोबर कुठला? सगळ्यांनी एकमुखाने दुसरा सांगितला. सर म्हणाले, "दोन्ही एकाच माणसाचे. पहिला खरा आहे. दुसरा कुणीतरी सरळ केलाय." काही माणसं आतून आरशातल्यासारखी असतात, सगळे अवयव उलट्या बाजूंना. फोटो काढणाऱ्याला वाटतं आपलंच चुकलं, आणि तो कॉम्प्युटरवर बटण दाबून फोटो फिरवून टाकतो. मग ते कुणालाच कळत नाही, त्या माणसालासुद्धा नाही.

नेमका तेव्हाच दादा पाणी प्यायला आला आणि वहिनीच्या मागे डाव्या कुशीवर हात दाबून उभा राहिला. वहिनीने मान वळवली. त्याच्या हाताकडे बघत राहिली. मग उठली.

"अहो, शर्टाची बटणं काढा."

"अगं, वर्ग चालू आहे!"

तिने स्वतःच बटणं काढली. देशोदेशीची डोकी बघत होती. तिने त्याच्या छातीवर डावीकडे तळवा ठेवला, सरकवला, पुन्हा ठेवला. मग माझा हात धरून तिथे टेकवला. तिथे काहीच नव्हतं. माझा भाऊ समोर उभा होता, हसत होता, आणि माझ्या हाताखाली बंद घराच्या दारासारखं गप्प होतं. वहिनीने माझा हात उजवीकडे नेला. तिथे धडधडत होतं.

"मी रोज याच बाजूला डोकं ठेवते," ती हळूच म्हणाली. "रोज ऐकते."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं एरवी मी म्हटलंच असतं. त्या दिवशी जीभ उचलली नाही.

टॅक्सीत तिने सांगितलं. फोटो काढण्याआधी डावी-उजवी बाजू दाखवणारं शिशाचं अक्षर एक्स-रेच्या पाटीवर चिकटवायचं असतं. घाईत सगळेच ते राहू देतात आणि नंतर कॉम्प्युटरवर टाकतात. दादाच्या तपासणीच्या वेळी तिनेही तेच केलं होतं. हृदय उजवीकडे दिसलं, पाटी उलटी लागली असं वाटलं, आणि तिने बटण दाबलं. "हृदय उलटं म्हणजे पोटातलंही उलटं असणार," ती म्हणाली. दादा आता वाकून बसला होता आणि विनोद करत नव्हता.

इस्पितळात तिने शिशाचं अक्षर स्वतःच्या हाताने चिकटवलं आणि मगच फोटो काढला. पडद्यावर चित्र उमटलं. कॉम्प्युटरपाशी बसलेली तिची मदतनीस सहज म्हणाली, "मॅडम, उलटा आलाय," आणि कुणी काही बोलायच्या आत तिने बटण दाबलंसुद्धा. माझ्या डोळ्यांदेखत माझा भाऊ चारचौघांसारखा झाला. फक्त कोपऱ्यातलं अक्षर उलटं उभं होतं. वहिनी रागावली नाही. तिने फोटो पुन्हा फिरवला आणि पळत सर्जनला बोलावून आणलं.

अपेंडिक्स डावीकडेच निघालं, फुटायच्या बेतात. दादा वाचला. देवाची कृपा म्हणा, नाहीतर त्या रविवारच्या सरांची. मी वहिनीच्या अभ्यासाबद्दल काढलेले सगळे शब्द मनातल्या मनात गिळले.

दादा घरी आला, चिडचिड करण्याइतका बरा झाला, तरी वहिनी उदासच. शेवटी मीच चहा घेऊन तिच्यासमोर बसले.

"झालं ना आता सगळं नीट? मग तोंड का असं?"

"यांच्या एकट्याचा नव्हता," ती म्हणाली. "असा फोटो मी आणखी एकदा सरळ केलाय. एक बाई होती."

"मग शोध की तिला. इस्पितळात फोटो असेल ना?"

"सरळ केल्यावर तो बाकीच्यांसारखाच दिसतो. हजारोंतून कुठला काढू?"

"चेहरा तरी आठवतो का?"

वहिनीने नाही म्हणून मान हलवली. चहावर साय धरली होती.

"बरगड्या आठवतात. खूप बारीक होती. मी तिला श्वास रोखा म्हटलं, आणि फोटो उलटा कसा आला त्या गडबडीत, सोडा म्हणायचं राहूनच गेलं. ती बिचारी तशीच उभी होती."