झटक्याचं नाव

चामोर्शीच्या स्टँडवर नागपूरची गाडी लागली, तेव्हा आई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "तिथी कोणाले सांगू नोको. झटक्याचं नाव काढू नोको. गोळी लपवून खात जा." बाबा बॅग वर चढवत होते. माझी बारावी झाली होती आणि नागपूरला लॅब टेक्निशियनच्या कोर्सला नंबर लागला होता. मी मान हलवली.

पहिला झटका आठवीत आला, शाळेच्या प्रार्थनेत. शुद्धीवर आले तर नाकाशी कोणाची तरी चप्पल. तेव्हापासून गावात मी 'मिरगीवाली' झाले. बाबांनी अंगारेधुपारे केले नाहीत, सरळ चंद्रपूरला डॉक्टरकडे नेलं. गोळ्यांनी झटके कमी झाले, पण आईची भीती कमी झाली नाही. तळ्यावर जायचं नाही, धानाच्या रोवण्याला बांधीतल्या पाण्यात उतरायचं नाही. वर्गातल्या पोरींनो, तुम्ही सगळ्या ट्रॅक्टरमध्ये बसून मार्कंड्याच्या जत्रेला गेलात, तेव्हा मी ओसरीवर तांदूळ निवडत होते.

होस्टेलमध्ये मी आईचं ऐकलं. खोलीत माझ्यासोबत गडचांदूरची रेश्मा होती. तिचे वडील सिमेंट फॅक्टरीत. तिच्यासमोर गोळी घ्यायची नाही म्हणून मी वाट बघायची, आणि मग विसरून जायची. परीक्षेच्या दिवसांत जागरण झालं, गोळ्या चुकल्या, आणि सकाळी मेसमध्ये पोह्यांची प्लेट हातात असतानाच पडले.

डोळे उघडले तर रेश्मा जवळ बसलेली. "आधीपासून आहे का?" तिने विचारलं.

"नाई. उपाशी होती मी."

"खोटं काऊन बोलून राह्यली? उद्या आणखी पडली तर मी काय करू, ते तरी सांग."

असं मला कोणी कधी विचारलं नव्हतं. मी सांगितलं: कुशीवर वळव, तोंडात काही घालू नको, लवकर थांबलं नाही तर दवाखान्यात ने. तिने नीट ऐकून घेतलं.

वॉर्डनने घरी फोन केला. दुसऱ्या दिवशी आई-बाबा आले. आईने बोलायच्या आधी माझे कपडे भरायला घेतले. "चाल घरी. झालं शिकणं."

"आई, झटके घरी पण येतेतच. इथी निदान शिकून तरी राह्यली."

बाबांनी विचारलं, "गोळी चुकली होती का?"

"हो. लपवता लपवता चुकली."

आई खाटेवर बसली. मग रेश्माकडे बघून म्हणाली, "तू राहशील हिच्याजवळ?"

"मी तर राहूनच राह्यली, काकू."

बॅग तिथेच राहिली.

आता मी नागपुरातच एका लॅबमध्ये काम करते. झटका अजूनही कधीतरी येतो. स्कूटी चालवत नाही, ऑटोने जाते. लॅबमध्ये सगळ्यांना माहीत आहे. धान कापणीला गावी निघाले की नागभीडच्या पुढे माझ्या 'मला'चं 'मले' होतं, आणि परतताना कुठे बदलतं ते कळत नाही.

घर कुठलं विचारलं तर मी गावाचं नाव सांगते. पण रेश्मा आणि मी भाड्याने घेतलेली खोलीही आता घरच आहे. या दोनच ठिकाणी मी आंघोळीला जाताना दाराला कडी लावत नाही. बाहेरून मधूनमधून हाक येते, तिकडे आईची, इकडे रेश्माची. मी आतून ओ देते.