वर म्हंजे वर

माशांची बांधलेली पिशवी पेटीत ठेवण्याआधी आक्का गालाला लावायची. तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तशी, डोळे मिटून. मग म्हणायची, “थांब रं, अजून जरा ऊन लागतंय,” आणि पिशवी पुन्हा बादलीत तरंगत सोडायची. इकडं कोल्हापूरची गाडी हॉर्न वाजवून गाव गोळा करतेय, ड्रायव्हर माझ्या नावानं शिमगा करतोय आणि ही बाई पाण्याचा ताप बघतेय!

मी बेळगावात एका खासगी बसच्या पार्सल काउंटरवर बसतो. जगातला सगळा अडलेला माल आणि सगळी तापलेली माणसं माझ्याच खिडकीशी येतात, त्यामुळं माझं डोकं कायम तव्यावर. आक्कानं मात्र माझ्या आरडाओरड्याला कधी भीक घातली नाही. “वरड तू, पार्सलवाल्या. मासं घाबरत्यात तेवढं बघ,” म्हणायची.

घर तिचं वडगावात, विणकराचं. नवरा गेला, माग विकला, पण मागाचा खड्डा राहिला. पाय सोडून बसायचा तो खड्डा बाराही महिने गार. आक्कानं त्यात काचेच्या टाक्या उतरवल्या आणि रंगीत मासे वाढवायला लागली. गल्लीतले हसले. पुढं त्यांचीच पोरं दिवसभर तिच्या दारात.

पाठवायच्या आधी ती माशांना उपाशी ठेवायची. मी एकदा म्हटलं, “आक्का, लेकी सासरी धाडताना कुणी उपाशी धाडतं का?”

“तुला गाडीत वांती झाली तर खिडकी हाय,” ती म्हणाली. “त्यांनी कुठं करायची? त्याच पाण्यात न्हवं?”

एकदा कॉलेजातला एक हौशी पोरगा तिला जिवंत कोरल मागायला आला. त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला. “कायद्यात बसत न्हाय, आन् माझ्या मनात बी बसत न्हाय. समुद्रातलं समुद्रात ऱ्हाऊ दे, बाळ.”

तिचं सगळं पोट कोल्हापूरच्या एका दुकानावर होतं. आणि तिथं लागोपाठ दोनदा मासे मेलेले पोचले. हमालांनी पेटी उलटी टाकली होती. दुकानदारानं सांगून टाकलं, “आक्का, आता एकदा मेले की आपला व्यवहार बंद.” म्हणून पुढच्या पेटीत तिनं आपल्या टाकीतली सगळ्यांत जपलेली जोडी घातली. डिस्कस जातीची, तळहाताएवढी, थाळीसारखी गोल. प्रत्येकाला वेगळी दुहेरी पिशवी, खाली थोडं पाणी, वर ऑक्सिजन, भोवती कागदाचा अंधार. तोंडाला रबर, आणि रबरावर सुताची विणकरी गाठ. मग पेटीच्या झाकणावर लाल रंगात, वीतभर अक्षरात लिहिलं : वर.

“कानडीतबी लिही की,” मी म्हटलं. “क्लीनर नवा आहे, सदलग्याकडचा. अक्षरं वाचतो, पण मराठी धड कळत नाही त्याला.”

“बाण काढलाय की! वर म्हंजे वर. त्यात काय कळायचं ऱ्हायलंय?”

हट्टीपणात आम्ही दोघं एका माळेचे मणी. मीही नाद सोडला.

गाडी गेली आणि तासाभरानं सीमेवर काहीतरी पेटलं. आमच्याकडं असं झालं की आधी बसगाड्या थांबतात. मालकाचा फोन आला, गाडी निपाणीतच उभी करा. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि पेटी डिकीत. आक्काला कळवलं तर ती होती तशी चपला न घालता काउंटरवर आली. मी क्लीनरला फोन लावला. म्हटलं, पेटी सावलीत काढ.

“पेटी? दिली की साहेब. वराच्या मंदीला.”

मंदी म्हणजे कानडीत माणसं. गाडीत निपाणीच्या लग्नाला निघालेलं, नवरदेवाच्या मामाकडचं वऱ्हाड होतं. ते उतरलं, या पठ्ठ्यानं पेटीवर ‘वर’ वाचलं, आणि कानडीतही वर म्हणजे नवरदेवच! आहेर समजून पेटी मोठ्या आदबीनं वऱ्हाडाच्या हवाली केली.

मी मोटारसायकल काढली. सगळ्या वाटेत मागं बसलेल्या आक्कानं माझा खांदा धरून ठेवला होता. मला तिचा राग येत होता आणि तिच्यासाठी रडूही येत होतं.

कार्यालय सापडलं. नवरदेवाच्या खोलीत पेटी उघडलेली. एका मावशीच्या हातात पिशवी, आणि भोवती दहा शहाणे. “गुदमरलेत बिचारे! तोंड सोडा, वारं लागू दे!” मावशी नखांनी गाठ सोडवत होती. रबर केव्हाच निघालं होतं, सुताची गाठ तेवढी हटत नव्हती. कुणीतरी कात्री पुढं केली.

“हात लावू नगा!” आक्का अशी ओरडली की बाहेरची सनई थांबली. “बांधल्यात तवर जित्ती हाईत. आता तोंड सोडलंसा तर वारं लागून घाणीचं ईख हुतंय, त्यांचंच पाणी त्यांना मारंल!”

तिनं पिशवी घेतली, गालाला लावली, डोळे मिटले. मग दुसरी लावली. या वेळी जरा जास्त वेळ.

“हाईत,” ती म्हणाली, आणि गाठीवर पुन्हा रबर चढवलं.

पण कोल्हापूर अजून लांब, आणि बसगाड्या बंद. नवरदेव मुंडावळ्या बांधून हे सगळं बघत होता. तोच म्हणाला, “आक्का, आम्ही कोल्हापूरचेच. अक्षता पडल्या की माझा भाऊ गाडी घेऊन पुढं निघतोय. देऊ त्याच्याजवळ?”

“मांडीवर घ्या म्हणावं. वर म्हंजे वर!”

“आन् नवरा-बायको वेगवेगळ्या पिशवीत का हो?” मावशीनं विचारलं.

“वाटंत भांडत्यात,” आक्का म्हणाली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

दुकानदाराचा फोन माझ्याच मोबाईलवर आला. “दोन्ही पोहतायत. पुढची पेटी कधी?” आक्कानं फोन गालाला लावून ठेवला, तो बंद झाल्यावरही.

त्यानंतर कितीतरी पेट्या गेल्या. क्लीनरला वर म्हणजे काय ते आता पक्कं कळलं होतं, तरी आक्का रिक्षातून उतरली की तो हाळी द्यायचाच, “वर बंद!” म्हणजे कानडीत, नवरदेव आला! डिकीतली इंजिनापासून लांबची, गार जागा तो तिच्यासाठी राखून ठेवायचा. मी मात्र कानडीत लिही म्हणून भांडत राहिलो आणि तिनं शेवटपर्यंत लिहिलं नाही.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. झोपेतच गेली म्हणे. मी स्मशानातून थेट काउंटरवर आलो. घरी बसवेना. गाडी लागली होती. क्लीनरनं माल भरला, गार जागा तेवढी सोडली, आणि खिडकीशी आला.

“आक्का बरलिल्ला? आली नाही?”

वारली हा शब्द काही केल्या तोंडातून निघेना.

“वर गेली रे,” मी म्हटलं.

त्यानं माझ्यामागच्या जिन्याकडं पाहिलं. वरच्या मजल्यावर आमच्या मालकाचं ऑफिस आहे.

“मग थांबतो की,” तो म्हणाला. “येऊ दे सावकाश खाली.”

ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी गाडी सोड म्हणालो नाही.