घराच्या अलीकडे दोन वळणांवर

आमच्या दादाला सगळे ‘ओली चिंधी’ म्हणतात, अगदी तोंडावर. तापल्यावर रुसणारी गाडी गॅरेजात आली की तो यंत्रबिंत्र लावत नाही. गाडी दमेपर्यंत फिरवतो, बंद करतो, मग इंजिनाच्या एकेका भागावर ओली चिंधी ठेवून किल्ली फिरवतो. जो भाग गार केल्यावर गाडी उठते, तो चोर. मी शेजारी पत्र्याला रंग मारतो आणि त्याची थट्टा करतो.

थंडीतल्या एका सकाळी शिवणवाल्या काकू गाडी घेऊन आल्या. काका जाऊन आठ महिने झाले होते. भांडण झालं, फोन घरीच टाकून ते गाडी घेऊन निघाले आणि दुसऱ्या दिवशी घराच्या अलीकडे दोन वळणांवर गाडीतच गेलेले सापडले. हृदय बंद पडलं होतं. इतक्या जवळ येऊनही ते अडून बसले, असं काकूंनी मनाशी धरलं होतं. आता गाडी बाहेर काढली, तर ती दोनदा तापून बंद पडली आणि त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

“त्या दिवशीही ती बंद पडली असेल का, एवढंच मला सांगा,” त्या म्हणाल्या.

दादाने गाडी तापवून शेडमागे लावली. किल्ली फिरवली, नुसती घरघर. वारा बोचरा होता, म्हणून आम्ही काचा लावून आत बसलो. बंद इंजिन टिकटिकत होतं. आमच्या श्वासाने काचा धूसर झाल्या आणि ड्रायव्हरच्या काचेवर एक तळहात उमटला. मग त्याच्यावर दुसरा, तिसरा. आतून काच कोणी पुसलीच नव्हती. हाक मारण्याची, दार ढकलण्याची ताकद नसलेल्या माणसाने ती बडवली होती.

तिसऱ्या चिंधीला इंजिन उठलं. खाली एक छोटा सेन्सर तापून मरत होता.

दादा काकूंसमोर जाऊन उभा राहिला. “तापल्याशिवाय ही बंद पडत नाही, म्हणजे काका फिरून घरीच येत होते. गाडीने अडवलं.”

काकू पदर तोंडाशी धरून रडल्या. दुसरा कोणी इथेच थांबला असता.

“आदल्या आठवड्यात ते हीच तक्रार घेऊन आले होते,” दादा म्हणाला. “मी घाईत होतो. थंड गाडी चालू केली आणि काही झालं नाही म्हणून परत पाठवलं.”

मीही तिथेच होतो. घरी जायचं टाळायला बरं निमित्त आहे, असं मी काकांना चिडवलं होतं.

काकूंचं रडणं थांबलं. चिंधीशिवाय इंजिन गार व्हायला किती वेळ लागतो, त्यांनी विचारलं. चाळीस मिनिटं, दादा म्हणाला. त्यांनी इंजिन बंद करायला लावलं, चिंधी काढायला लावली, आणि काकांच्या जागेवर जाऊन बसल्या. आम्हा दोघांना मागे बसवलं. दहाएक मिनिटांनी दादा हुंदके देऊ लागला.

काकूंनी मागे वळून पाहिलं. “अजून अर्धा तास आहे,” त्या म्हणाल्या.