न उघडलेल्या तिसऱ्या

माझ्या टेबलावर रोज मासे येतात, पण खायला नाही... तपासायला. मी एका खासगी लॅबमध्ये केमिस्ट आहे. मासळीतलं शिसं, कॅडमियम, पारा मोजणं हे माझं काम. आमच्याकडे येणारे नमुने बहुतेक बाहेरगावच्या व्यापाऱ्यांचे, इथल्या खाडीतलं या प्रकाराआधी काही आलं नव्हतं. नजर काढणं, उतारा टाकणं हे सगळं घरात आई करते आणि मी बाजूला बसून हसतो. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण जे झालं ते माझ्या हातात झालं — ऐकीव नाही.

आम्ही विरार पूर्वेला फुलपाड्यात राहतो. मी, बायको स्नेहल आणि आई. आई मूळची मालवणची. स्नेहलला तेव्हा सहावा महिना होता आणि तिला तिसऱ्या, म्हणजे खाडीतले छोटे शिंपले, खायचे डोहाळे लागले होते. रविवारी सकाळी आगाशीच्या बाजारातून मी भरपूर घेतल्या. विकणाऱ्या मावशी म्हणाल्या, "आजच्या ओहोटीच्या हायेत, खाडीतल्या. पानी गळतंय बघ अजून. पन हल्ली अशा बारीकच गावतात."

घरी आल्यावर आईने त्यातल्या अर्ध्या समोरच्या फ्लॅटमधल्या पाटकर वहिनींना दिल्या. उरलेल्या धुऊन टोपात घातल्या आणि वर झाकण ठेवलं. ज्यांनी तिसऱ्या केल्यात त्यांना माहीत असेल, वाफ धरली की त्या आपोआप तोंड उघडतात. फार वेळ लागत नाही.

बऱ्याच वेळाने आईने मला हाक मारली. "तिसरे उघडनत नाय रे. ये बघ."

मी झाकण काढलं. पाणी खळखळत होतं, वाफेने चष्मा धुरकटला, आणि आत एकूण एक तिसरी मिटलेली. एखाद-दुसरी मेलेली असली तर बंद राहते, ते ठीक. पण सगळ्याच्या सगळ्या? मी गॅस मोठा केला. पाणी आटलं, परत घातलं, तेही आटत आलं. काही नाही.

शेवटी चिमट्याने एक बाहेर काढली. शिंपला इतका तापला होता की फडक्यातूनही चटका बसला. सुरीचं टोक घालून जोर लावला तेव्हा कुठे ती फुटली.

आतलं मांस कच्चं होतं. आणि थंड. आतलं पाणी माझ्या बोटांवर सांडलं, ते फ्रिजमधल्यासारखं गार लागलं. मी आईकडे बघितलं. तिने बोट लावून बघितलं आणि हात मागे घेतला.

"माज्या जन्मात असा कधी बघूक नाय," ती हळू आवाजात म्हणाली. "सुनेक खावक देव नको. घरात ठेव नको."

स्नेहल दारात उभी होती. तिने पोटावर हात ठेवला. त्या दिवशी आम्ही वरण-भात जेवलो.

माझ्या डोक्यात मात्र किडा शिरला होता. टोपातल्या त्या बंद तिसऱ्या मी आइसबॉक्समध्ये भरल्या आणि सोमवारी लॅबमध्ये नेल्या. माझी सहकारी मेघा हिने बॉक्स उघडला आणि माझ्याकडे वैतागून बघितलं.

"अरे, शिजवून काय आणल्यास? सॅम्पल कच्चं लागतं ना."

मी वाकून बघितलं. सगळ्या उघडल्या होत्या. आतलं मांस आक्रसलेलं, पूर्ण शिजलेलं. मी एकेक उचलून बोटाने दाबून बघितली.

तरी आम्ही तपासल्या. शिसं आणि कॅडमियम, दोन्ही मर्यादेच्या बरंच वर. मशीनवर विश्वास बसेना म्हणून आगाशीहून ताज्या आणून पुन्हा तपासल्या. तोच निकाल. तिसरी चिखलातलं पाणी गाळून जगते, त्यात जे सोडलेलं असेल ते तिच्या अंगात साठतं. ती स्वतः खुरटते, आणि तिला खाणाऱ्याच्या अंगात ते जातं. उकडून जात नाही. पोटातल्या बाळापर्यंत पोचतं.

दुसरा रिपोर्ट हातात आला त्या संध्याकाळी मी पाटकर वहिनींकडे गेलो. आधी रिपोर्टचं सांगितलं, मग न राहवून टोपाचंही. त्यांची लहानगी ओवी जमिनीवर चित्र रंगवत बसली होती.

"आमच्या तर पहिल्या वाफेलाच उघडल्या," वहिनी म्हणाल्या. "हिने चोखून चोखून खाल्ल्या. आम्ही जवळजवळ दर रविवारी आणतो, भावोजी."

मी ओवीचं रक्त तपासायला सांगितलं. शिसं असायला हवं त्याहून जास्त निघालं. डॉक्टर म्हणाले, हे एका जेवणाचं नाही, हळूहळू साचलेलं आहे. खाणं बंद करा, पुन्हा तपासू. अजून तपासण्या चालू आहेत. आमची मुलगी व्यवस्थित जन्मली, आता रांगते.

उकळत्या पाण्यात मांस थंड कसं राहिलं, बर्फात ठेवल्यावर ते कसं शिजलं, हे मला आजही सांगता येत नाही. आई म्हणते, कुणीतरी राखलं. मी हसत नाही आता.

पण बारशाला पाटकर वहिनी आल्या होत्या. बाळाला मांडीवर घेऊन खालच्या मानेनेच म्हणाल्या, "एकाच पिशवीतल्या होत्या ना, भावोजी... मग आमच्या का उघडल्या?"