सकाळची नकल

माझा धाकटा भाऊ बन्यामीन सगळं दोन-दोन ठेवायचा. चष्मे दोन, कुलपं दोन, बायबलं सुद्धा दोन, एक वाचायला आन् एक पेटीत. ल्हानपणी शिरूरला आमचं घर जळालं, बापाची एक वस्तू हाताला लागली न्हाई, तवापासनं त्याला हे खूळ लागलं. त्याची बायकू दयाबाई म्हणायची, "नशीब माझं, बायकू एकच केली!" आम्ही हसायचो. पण मला त्या सवयीचं भ्याव वाटायचं. दुसरं हाय म्हटल्यावर हा पहिल्याकडं नीट बघायचाच न्हाई.

सत्तावन्न-अठ्ठावन्न सालची गोष्ट. दौंडाबाहेर एका कंत्राटदाराचं खडीचं यार्ड होतं. पाच-सहा लाइनी, एक म्हातारं इंजिन आन् पत्र्याची केबिन. इंजिन खडीचे डबे ढकलून सोडून द्यायचं, मग ते आपल्या वजनानं लाइनीवर घरंगळत जायचे. कुठल्या लाइनीवर काय उभं हाय ते केबिनीतल्या फळ्यावर बन्यामीन खडूनं लिहायचा. आन् रोज सकाळी त्या फळ्याची कागदावर नकल काढायचा. फळा पुसला गेला तर काय घ्या, असं त्याचं म्हणणं.

त्या दिवशी शेठ येणार होता. झाडणारी अनसाबाई नवीन. केबिन चकाचक कर म्हणून मुकादमानं तिला बजावलेलं. तिनं ओलं फडकं घेतलं आन् अख्खा फळा पुसून काढला. मी बन्यामीनची भाकरी घेऊन पोचले तवा ती भिंतीला टेकून रडत होती. हा मात्र हसत होता. "रडतीस कशाला मावशे? माझ्याकडं नकल हाय." सकाळचा कागद समोर धरून त्यानं फळा पुन्हा जसाच्या तसा लिहून काढला. अक्षर असं देखणं की बघत राहावं.

त्यानं "चार: रिकामी" लिहिलं आन् मी त्याचा हात धरला.

"बेन्या, चारवर नकुशीचा डबा हाय की रं!"

नकुशी म्हंजी मांडवगणाकडची, खडी फोडणारी. ओली बाळंतीण. मजुरांना राहायला एक जुना डबा दिलेला. तिला ऊन लागू नये म्हणून मुकादमानं तो त्याच दिवशी दुपारी दोन नंबरवरनं काढून चार नंबरवर, लिंबाच्या सावलीला लावून घेतला होता. मी येताना तिच्या लेकराचं तोंड बघूनच आले होते. लुगड्याच्या झोळीत निजलं होतं गुणी.

"डबा दोनवर हाय, आक्का. हे बघ, लिवलंय."

"अरं, मी डोळ्यांनी बघून आले!"

"मोजायला चुकली असशील."

अशी चीड आली मला! डबा हलवला तवा ह्यानंच सवताच्या हातानं फळ्यावर तसं मांडलं होतं. पण ते सकाळच्या नकलेनंतर. फडक्यानं ते पुसलं, आन् फळ्यावरनं गेलं ते ह्या शहाण्याच्या डोक्यातनंही गेलं. लाइनी खडीच्या ढिगाआड होत्या. दारातनं जरा बाहेर गेला असता तर सगळं दिसलं असतं.

तेवढ्यात खालनं रूळ बदलणारा सांधेवाला जालिंदर, नुकताच पाळीवर आलेला, ओरडला, "मामा, खडीचे डबे कितीवर सोडू?"

"हात जोडते बेन्या, आधी जाऊन बघ," मी म्हणाले.

त्यानं फळ्याकडं बघितलं. माझ्याकडं न्हाई. "चार नंबर!"

इंजिनाचा धक्का ऐकू आला. मग डबे सुटले, हळू, जड. मी पळत सुटले तसा तोही मागनं आला. ढिगाच्या पलीकडं गेल्यावर त्याला दोन नंबर दिसली. मोकळी. मग तो असा ओरडला की तसा माणसाचा आवाज मी पुन्हा ऐकला न्हाई. पण सुटलेले डबे कुणाच्या बापाचं ऐकणार?

नकुशी नळावर गेली होती, म्हणून वाचली. लेकरू गेलं.

चौकशी झाली. अनसाबाईला कामावरनं काढलं. बन्यामीनला कुणी चकार शब्द बोललं न्हाई, कारण नकल बरोबर होती ना! तो मात्र पाण्याशिवाय काही पोटात घेईना. त्याला एकटं सोडायची मला भीती वाटायची, म्हणून मी केबिनीत जाऊन बसायची. तिथंच एका दुपारी नकुशी आली. तिला वाचता येत नव्हतं. बराच वेळ फळ्याकडं बघत राहिली.

"दादा, ह्याच्यावर मी कुठं हाय?"

"न्हाईस बाई."

"आन् लेकरू?"

"तेबी न्हाई."

"मग आता तरी मांडा," ती म्हणाली.

त्यानं खडू उचलला. चार नंबरपाशी हात नेला आन् तिथंच थांबला. मोडलेला डबा आन् त्याला धडकलेले खडीचे डबे आदल्या दिवशीच उचलून नेले होते. चारपुढं त्याच्याच हातचं "रिकामी" तसंच होतं, आन् आता ते खरं झालं होतं.