दगडी कुत्र्याचं नाक

गेर्लिंड होल्टकाम्प चालायला लागली की तिच्या मागचे पर्यटक धावतात. छत्री नाही, झेंडा नाही. लांब दांड्याचा लाकडी चमचा, त्याला लाल फीत, तो डोक्यावर धरून बाई कॅथेड्रलच्या चौकात शिरते आणि मागून तीस माणसं धापा टाकत. अडुसष्ट वय आहे हो! मी त्या उंचसखल फरशीवर जपून पाय टाकतो, आणि हिच्या पायाला भिंगरी. वर्षाला दोन जोड बूट झिजवते.

मी एव्हाल्ड, कॅथेड्रलचा रखवालदार. लाल झगा घालून आत फिरायचं, टोप्या काढायला लावायच्या, आइस्क्रीमवाल्यांना बाहेरचा रस्ता दाखवायचा, प्रार्थना चालू असताना फोटो काढणाऱ्याच्या कानाशी जाऊन खाकरायचं. चाळीस वर्षं हेच. लोक म्हणतात, एव्हाल्ड खडूस आहे. आहेच. आठशे वर्षांच्या दगडाला च्युइंगम चिकटवणाऱ्याशी गोड बोलायचं असेल तर दुसरा माणूस बघा.

तर गेर्लिंड. आधीपासूनच जरा घाईची, पण गेली दहा-अकरा वर्षं तिला बसणं म्हणून माहीत नाही. दोन गटांच्या मध्ये अर्धा तास मोकळा असला तर बाकीचे गाइड बेकरीसमोर कॉफी पितात. ही खांबांमधून येरझारा घालते, पाव चालता चालता खाते. एकदा मी म्हटलं, "बाई गं, बूड टेक जरा, बघणाऱ्याला चक्कर येते." तर माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तुझ्या झग्याची शिवण उसवलीय, ती बघ आधी." माझ्या नजरेला नजर द्यायची नाही, ही तिची अलीकडची खोड. मला वाटायचं, वय झालं, होतं असं.

आमच्याकडे उत्तरेच्या बाजूला एका सरदारणीची कबर आहे. दगडात कोरलेली बाई झोपलीय, हात जोडलेले, आणि पायाशी तिचा कुत्रा. या कुत्र्याच्या नाकाला हात लावून जो जातो तो या गावात परत येतो. अशी जुनी आख्यायिका आहे म्हणे. बेकरीत त्या कुत्र्याच्या आकाराची बिस्किटं मिळतात. नवी नवरी येऊन हात लावते, बाहेरगावी शिकायला निघालेली पोरं लावतात, जपानहून आलेले लावतात. माझ्या डोळ्यांदेखत रोज सहाशे हात.

जुनी कसली डोंबलाची! मी हजर होतो ना.

पंच्याऐंशी सालचा ऑक्टोबर. तेव्हा आमच्या देशाचे दोन देश होते, पूर्व आणि पश्चिम, मध्ये भिंत. गेर्लिंडला गाइड होऊन तीन आठवडे झाले होते आणि तिच्या गटात पूर्वेकडची एक म्हातारी होती. तिकडच्या पेन्शनरांना नातेवाइकांकडे यायची परवानगी मिळे, तशी बहिणीकडे आलेली. दुसऱ्या दिवशी परत जायचं होतं. त्या कबरीपाशी ती जी रडायला लागली, ती काही थांबेना. "पुन्हा कुठली मी येते आता?" एवढंच म्हणत होती. गटातली माणसं इकडेतिकडे बघायला लागली. गेर्लिंडने काय करावं? म्हातारीचा हात धरला आणि त्या कुत्र्याच्या नाकावर ठेवला. "असं करून जो जातो ना आजी, तो परत येतोच. आमच्याकडे फार पूर्वीपासून आहे हे."

म्हातारीचं रडू थांबलं. नंतर मी विचारलं, "हे कुठे वाचलंस?" गेर्लिंड लाल झाली. "वाचलं कुठलं! तोंडाला आलं ते बोलले. कुणाला सांगू नकोस." मी कुणाला सांगणार? घरी बायकोला सांगितलं, मार्लीसला. ती पोट धरून हसली.

आणि भिंत पडल्यावर, त्या दिवसानंतर पाच वर्षांनी, ती म्हातारी खरंच परत आली की! वर्तमानपत्रात फोटो आला तिचा, कुत्र्याच्या नाकावर हात ठेवलेला. खाली छापलं होतं, प्राचीन आख्यायिका खरी ठरली. झालं. तिथून पुढे ते कुणाच्याच हातात राहिलं नाही.

गेल्या वर्षी दगडांची एक डॉक्टरीण आली. झांडकूलर नावाची, चष्मा कपाळावर, हातात छोटा दिवा. दोन दिवस त्या कुत्र्यापुढे गुडघ्यांवर बसून होती. मग आमच्या पाथरवटांच्या कार्यशाळेतून तिने एक जुना साचा काढून आणला, नव्वद वर्षांपूर्वी कुणीतरी प्लास्टरमध्ये घेतलेला. त्यात कुत्र्याला नाक होतं, दात होते, एका बाजूला लोंबणारी जीभ होती. आणि खरा कुत्रा म्हणजे नुसता गोटा.

"सातशे वर्षं टिकलेलं तोंड तीस वर्षांत पुसलं गेलं," ती म्हणाली. "आणखी पाच वर्षांनी कानही जातील."

गेर्लिंड माझ्या शेजारीच उभी होती. तिने तो साचा हातात घेतला, कुत्र्याच्या जिभेवरून बोट फिरवलं आणि साचा माझ्या हातात कोंबून जी निघाली ती तडक मुख्य धर्मगुरूंच्या, म्हणजे आमच्या डीनसाहेबांच्या दारात.

गुरुवारी चारला बैठक बसली. टेबलावर प्लमचा केक, कॉफी. डीनसाहेब, डॉक्टरीण, पर्यटन कार्यालयाचा लुट्झ, गेर्लिंड, आणि दाराशी मी. प्रश्न सरळ होता. हात लावणं ही गावाची शेकडो वर्षांची श्रद्धा असेल तर ती बंद करायला डीनसाहेब तयार नव्हते. नसेल, तर दुसऱ्याच दिवशी कबरीभोवती दोरी.

गेर्लिंड उभीच होती. म्हणाली, "श्रद्धाबिद्धा काही नाही. ती थाप आहे. मी मारलेली."

डीनसाहेब हसले. "होल्टकाम्पबाई, तुम्हाला त्या कुत्र्याचा मनापासून कळवळा आहे, हे आम्हाला माहीत आहे. पण म्हणून स्वतःवर आळ घेऊ नका."

"आळ नाही हो, खरं सांगतेय! पंच्याऐंशी साली, ऑक्टोबरात..."

"काहीतरीच काय मावशी!" लुट्झने केकचा घास गिळला. "माझे आजोबा लढाईवर जाताना हात लावून गेले होते. आजी सांगायची."

"तुझी आजी पेपरात वाचून सांगायची, लुट्झ!"

"आजीला खोटं पाडता?"

सगळे एकदम बोलायला लागले. मग डॉक्टरणीने विचारलं, "बाई, तेव्हा तिथे आणखी कुणी होतं?"

"एव्हाल्ड होता," गेर्लिंड म्हणाली. "विचारा त्याला."

तीन तोंडं माझ्याकडे वळली. गेर्लिंडचं मात्र नाही, ती टेबलाकडे बघत होती.

आता हे मला सांगायलाच हवं. अकरा वर्षांपूर्वी मार्लीसला मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलात न्यायचं होतं. टॅक्सी चौकात उभी. ती म्हणाली, "दोन मिनिटं आत जाऊन येऊ." आणि सरळ त्या कुत्र्यापाशी गेली. मी म्हटलं, "अगं, तुला माहितेय ना ही गेर्लिंडची थाप आहे ते?" म्हणाली, "असू दे रे. हात लावायला काय जातंय?" हातमोजा काढला आणि चांगला वेळ हात ठेवला. मीही तिच्या हातावर माझा ठेवला.

त्या बैठकीत मला तो हातच दिसायला लागला. थाप होती असं म्हटलं असतं, तर त्या दिवशी आम्ही दोघांनी काय धरून ठेवलं होतं मग? मी झग्याची शिवण चाचपली. मग मी म्हणालो, "इतक्या वर्षांचं कुठलं आठवतंय साहेब."

संपलं. "हात हळू लावावा" अशी पाटी लावायचं ठरलं. गेर्लिंड केकला न शिवता निघून गेली. मला स्वतःची लाज वाटली, आजही वाटते. घरी जाऊन मी झगा खुर्चीवर फेकला आणि त्याच्याकडेच बघत बसलो.

दुसऱ्या दिवसापासून ती प्रत्येक गटाला खरं सांगायला लागली. "ही गोष्ट खोटी आहे, ती मी रचली, कृपा करून हात लावू नका." लोक खो खो हसत. काय मजेशीर गाइड आहे! आणि हसत हसत हात लावत. दिवसाला चार गट, चारदा तेच. ती आणखी भरभर चालायला लागली. आवाज बसला. शनिवारी बघितलं तर चमच्याची लाल फीत सुटून लोंबत होती आणि तिला पत्ता नव्हता.

त्याच शनिवारी अकराचा गट. कुठलं तरी गायनमंडळ होतं, मध्यमवयीन, हसरी माणसं. गेर्लिंडने सांगितलं. सगळे हसले. एक धिप्पाड गृहस्थ म्हणाला, "बाई, तुम्ही रचलीत तर रचलीत, काम करते ना? म्हणजे झालं!" आणि त्याने हात पुढे केला. मागे रांग लागली.

गेर्लिंडने चमचा खाली घेतला. तिला इतकं थकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

मी ओरडलो. कॅथेड्रलमध्ये कुणी आवाज चढवू नये म्हणून ज्याला पगार मिळतो, तो मी ओरडलो. "काम करत नाही!"

सगळे वळले. लाल झगा दिसल्यावर टोप्या आपोआप निघाल्या.

"ती खरं सांगतेय. ती थाप मारत होती तेव्हा मी या इथे उभा होतो. आणि काम करत नाही. माझ्या बायकोने हात ठेवला होता. हॉस्पिटलात जाताना. ती परत आली नाही."

त्या गृहस्थाचा हात कुत्र्यापासून वीतभर अंतरावर होता. त्याने तो मागे घेतला आणि कोटाच्या खिशात घातला. रांग कधी मोडली ते कळलंही नाही. मी ठरवून टाकलं, आता हेच डीनसाहेबांसमोर सांगायचं. एकदा तोंडातून निघालंय तर दुसऱ्यांदा निघेल.

गेर्लिंड माझ्याकडे बघत होती. सरळ, डोळ्यांत.

"मी होते तेव्हा," ती म्हणाली. "त्या खांबाआड. मार्लीसने हातमोजा काढलेला बघितला मी. मला वाटलं पुढे व्हावं, सांगावं तिला, अगं नको, मी उगाच बोलले होते ते. नाही गेले. तुला तोंड दाखवायची सोय राहिली नाही रे मला."

"तिला माहीत होतं," मी म्हटलं. "थाप आहे ते. मी त्याच दिवशी घरी सांगितलं होतं. पोट दुखेपर्यंत हसली होती ती."

"माहीत होतं? आणि तरी ठेवला हात?"

"तरी ठेवला."

गेर्लिंड मागच्या बाकापाशी गेली. चमचा मांडीवर घेतला आणि बसली. चांगली पाठ टेकून बसली. मी तिच्या शेजारी जाऊन बसलो.

गटातल्या एका बाईने हळूच विचारलं, "आता पुढे कुठे जायचं?"

"थांबा जरा," मी म्हटलं. "बाई बसल्यात."